पिठाच्या डब्यातला फोन

ता. ४

चि. धाकट्यास, ताईचे अ. उ. आशीर्वाद. राग वेगळा.

फोन मीच पिठाच्या डब्यात ठेवला, आणि परत आलास तर परत ठेवीन. घास हातात आणि मान ताटावर, असल्या माणसाला उठवायला मी काय वैरीण आहे? तर उठून मलाच ओरडलास आणि तरातरा निघून गेलास. विमान चालवणाऱ्याला झोप द्यायचा कायदा आहे, असं तुझे दाजी सांगत होते. तो कायदा तुझ्या कंपनीच्या दारात चपला काढून बाहेरच बसतो का? बोलायला जावं तर तू नुसता हं हं करतोस, म्हणून लिहिते.

आपले अप्पा ठीक. वीस तारखेला तुझ्याच विमानातून तुझ्याकडे यायचं, हे दूधवाल्यालाही सांगून झालंय.

तुझी ताई

ता. ८

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

तू मायेनं केलंस, निस्तरतोय मी. त्या दिवशी मी तुमच्या गावात राखीव होतो, म्हणजे बोलावलं की निघायचं. फोन उचलला नाही म्हणून साहेबांनी खुलासा मागितलाय. बहिणीनं पिठात पुरला असं लिहू?

कायदा आहे गं. पण विमान उतरलं की विश्रांती मोजायला लागतात. गाडीची वाट, हॉटेल, अंघोळ, परत गाडी, सगळं त्यातच. थकलोय म्हटलं तर उडायला लावत नाहीत. मात्र तसं म्हणणाऱ्याचं कॅप्टन होणं मागे पडतं, आणि माझं नाव आत्ता कुठे वर आलंय.

एक सांगतो, घरात बोलू नकोस. मागच्या आठवड्यात हवेत माझा डोळा लागला. खालून रेडिओवर कोणीतरी सारखं बोलावत होतं. जागा झालो तर शेजारी कॅप्टनही झोपलेले. उतरल्यावर आम्ही दोघं त्यावर चकार शब्द बोललो नाही.

अप्पांना खिडकीची जागा ठेवलीय. लोभ असू दे, फोनला मात्र हात लावू नकोस.

तुझा धाकटा

ता. ११

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

पत्र वाचलं. दाजींनाही सांगितलं नाही. अप्पांना जाऊ नका म्हणावं तर का ते सांगावं लागतं. सांगितलं तर तुझी नोकरी. गप्प बसावं तर मीच त्यांना हाताला धरून बसवायचं. आणि ते घरी राहिले तरी बाकीची माणसं बसणारच. त्यांनाही कोणीतरी ताई असेल ना?

साहेबांना खुलाशात सरळ लिही, थकलो होतो म्हणून झोपलो, आणि अजून थकलोय. कॅप्टन पुढच्या वर्षी हो.

नाही लिहिलंस तर अप्पांना मी सगळं सांगीन. आणि तरीही ते तुझ्याच विमानात बसतील, तुला ठाऊक आहे. म्हणून अठराच्या आत मला कळव, लिहिलंस की नाही. हं हं चालणार नाही.

तुझी ताई