आईच्या खोलीवरचं छत

बॅलरॅट, ऑस्ट्रेलिया,
९ जुलै

प्रिय ब्रॉनी,

तुम्ही सगळे मजेत असाल. मी बरा आहे, कुत्राही बरा आहे. ऐन हिवाळा, सकाळी अंगणातला नळ गोठतो, ते नेहमीचंच.

तुझ्या एवढ्याशा वीजबिलाचा फोटो फोनवर मिळाला. आता नवीन घराला ऊब टिकवण्याचे सात तारे हवेतच असा कायदा आहे, म्हणून तुझं घर ऊबदार. बाबांनी हे लाकडी घर बांधलं तेव्हा असला नियम नव्हता, यात माझा काय गुन्हा? मी दिवसभर हीटर लावून दोन-दोन मोजे घालून बसतो. तुझं बिल पाहून माझा नुसता जळफळाट झाला.

पण बिलाचं सोड. मे महिन्यात तू आईला न्यायला आलीस आणि दारातच म्हणालीस, "या खुराड्यात ती अजून एक हिवाळा काढणार नाही, लॉइड." अकरा वर्षं मी तिला सांभाळलं. ती बॅग भरून तयारच होती. जाताना तिने कुत्र्याला कुरवाळलं.

आता ऐक. गेल्या नोव्हेंबरात तुझ्या नव्या घराच्या छतात थंडी अडवणाऱ्या काचेच्या लोकरीच्या गाद्या मीच भरल्या, धंदा माझाच, पण भाऊ म्हणून फुकट. तू चहा घेऊन आलीस आणि सहज म्हणालीस, कोपऱ्यातली खोली आईची. मला तोवर कुणी विचारलंही नव्हतं. तेवढीच खोली भरायची राहिली होती. ती मी तशीच सोडली आणि उरलेल्या गाद्या गाडीत टाकल्या. काम पूर्ण झालं म्हणून सही केली. तारे नकाशाला मिळतात, छतात डोकावतो कोण? तपासनिसाने माझी सही पाहिली आणि शिक्का मारला. मला वाटलं, आई गारठली की म्हणेल, लॉइडकडे जाते.

रविवारी तिचा फोन आला. खोकत होती. म्हणाली, "माझ्या खोलीत फार गारठा आहे रे. कोट घालून झोपते. पण ब्रॉनीला सांगू नकोस, तिला घराचं फार कौतुक आहे."

घरी ने, असं म्हणाली नाही. मी वाट पाहिली.

हे पत्र स्वतःच तुझ्या टपालपेटीत टाकतोय, बेल वाजवायची हिंमत नाही. आजपासून तिला तुझ्या खोलीत झोपव. शनिवारी शिडी आणि गाद्या घेऊन येतो, तासाभराचं काम आहे. मला घरात घ्यायचं नसेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घे, गाद्या मी ओट्यावर ठेवून जाईन.

आणि तिला इकडे परत पाठवू नकोस. मी मागितली तरी.

तुझा भाऊ, अजून म्हणत असशील तर,
लॉइड