एकावर एक तिकीट फुकट

१२ जानेवारी, रविवार
ओटीपी पोराच्या फोनवर गेला! नाटकाची तिकिटं काढताना लक्षातच राहिलं नाही, की माझ्या खिशातलं कार्ड म्हणजे क्षितिजच्या कार्डाचं पिल्लू, ॲड-ऑन. लगेच फोन — "बाबा, दोन तिकिटं? कोणाबरोबर?"
"लक्ष्मणराव," म्हणालो. शेजारच्या लक्ष्मणरावांना नाटकात झोप लागते हे आमच्या अख्ख्या प्राधिकरण वसाहतीला ठाऊक आहे!
सुमनताईंबरोबर जातोय, असं सरळ का नाही सांगितलं? पलीकडच्या सेक्टरात राहतात, शाळेतून रिटायर झाल्या. त्याही एकट्या, मीही एकटा. नाटक बघतो, नंतर डोसा खातो, आपापल्या घरी येतो. एवढंच. पण हे एवढंच मला आठवडाभर पुरतं. क्षितिजची आई जाऊन तीन वर्षं झाली. त्याला काय वाटेल, याची भीती वाटते. "बाबा, हे बंद करा" म्हणाला तर मी बंद करेन, हेही मला माहीत आहे.

१३ जानेवारी
स्वतःचं कार्ड घ्यायचं. ठरलं.

१५ जानेवारी, बुधवार
बँकेतल्या पोराने काळंभोर कार्ड दाखवलं. "सर, एअरपोर्टला लाउंज फ्री!" मी जन्मात विमानात बसलेलो नाही. पण कार्ड असलं झकास होतं, की सही करणारच होतो. म्हटलं, आधी चारुलताला विचारू.
चारुलता म्हणजे माझी सून. चाकणच्या कंपनीत परचेसला आहे. व्हेंडर हिला टरकून असतात म्हणे. आज कळलं का ते! कंपनीच्या बसमधून उतरून आली, चहा घेतला, बँकेचं पत्रक चाळलं आणि म्हणाली, "बाबा, चकटफू काय मिळतं ते नंतर बघू. आधी सांगा, तुमचे पैसे जातात कुठे?"
औषधं, स्कूटरचं पेट्रोल, नाटक, डोसा.
"मग लाउंजमध्ये बसून तुम्ही करणार काय?"
मग बँकेच्या पोरालाच फोन लावला. वर्षाची फी किती? बिल भरायला उशीर झाला तर व्याज किती? ते पोरगं शेवटी "मॅडम, विचारून सांगतो" वर आलं. हिने आवाज चढवला नाही, की त्याचा अपमान केला नाही. मी आयुष्य आकुर्डीच्या टूलरूममध्ये काढलं. कोणत्या कामाला कोणतं हत्यार, हे कळणारी माणसं थोडी असतात. ही त्यातली आहे. क्षितिजने नशीब काढलं!

१९ जानेवारी, रविवार
तिने कार्ड निवडलं. एफडीवर मिळतं, पेन्शनवाल्यांना तेच सोपं. फी नाही, पूर्ण बिल खात्यातून आपोआप कटणार. आणि नाटक-सिनेमाला एका तिकिटावर एक फुकट!
"एकट्या माणसाला याचा काही उपयोग नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही नेहमी दोन काढता." हे बोलताना मोबाईलवरची नजर काढली नाही. केवढी शहाणी! माझे कान गरम झाले.
मग माहिती भरायला बसलो. "बाबा, सोबत एक ॲड-ऑन कार्ड मिळतंय. कोणाच्या नावाने घेऊ?"
जीभ घसरली. "सुमनताई."
"नातं? नवरा-बायको, मुलं, आईवडील, नाहीतर भाऊ-बहीण, एवढेच चालतात. बहीण टाकू? ताईच म्हणता ना."
"बहीण नाही!"
एवढ्या जोरात ओरडलो, की क्षितिज गॅलरीतून धावत आला. चारुलता माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही, हे तिचे उपकार. मग मी त्याच्यासमोरच सगळं सांगून टाकलं — नाटकं, डोसा, लक्ष्मणरावांची थाप. त्याने बादली उचलली. गाडी धुवायला खाली गेला. कालच धुतली होती.

२१ जानेवारी
क्षितिज कामापुरतं बोलतो. मी चारुलताला म्हणालो, "सुमनताईंना सांगतो, पुरे आता."
"अजिबात नाही," ती म्हणाली. "तुम्ही लपवलंत, त्याचा राग आहे त्याला. त्यांचा नाही. थोडं थांबा." माझी बाजू घेतली आणि माझी चूकही दाखवली, तीही नवऱ्याला कमी न लेखता! मला हे कधी जमलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार
क्षितिज आपणहून गच्चीवर आला. "लक्ष्मणकाकांना कशाला मधे घेतलंत? गेल्या आठवड्यात भेटले तेव्हा मी विचारलं, नाटक कसं वाटलं! ते माझ्याकडे बघतच राहिले." हसला. मग कठड्याला टेकून म्हणाला, "आई गेल्यापासून तुम्ही जेवताना बोलत नव्हतात. हल्ली बोलता. मला वाटायचं, नव्या गोळ्या लागू पडल्या."
मला रडूच आलं. तो पाठीवर हात ठेवून उभा राहिला. कार्डाच्या अर्जात नात्याचा रकाना अजून रिकामा आहे, हेही त्याला बायकोने सांगितलेलं दिसतं. जाताना म्हणाला, "विचारून तर बघा त्यांना."

२६ जानेवारी, रविवार
मध्यंतरात विचारलं. सुमनताईंनी बटाटावडा संपवला, हात पुसले. "लग्न करू," म्हणाल्या. "पण कार्ड माझं मला आहे हो, तुमच्यापेक्षा चांगलं. हवं तर त्याच्यावर तुम्हालाच ॲड-ऑन घेते."
हो म्हणालो!