बेनियामिनाची पोती

९ जानेवारी, सकाळ
अकेनेते, ही वही तुझ्यासाठी नाही. माझी माझ्यासाठीच आहे. पण मी गेल्यावर तू ती उघडणार, आणि तू तर बापाचं थडगं घराच्या कुठल्या अंगाला आहे हेही फोनवर मला विचारतेस. म्हणून पैज पहिल्याच पानावर लिहून ठेवते. माझ्या खड्ड्यातली बाबाई जगली तर मी याच बेटावर राहणार. मेली तर मुकाट्याने विमानात बसून तुझ्याकडे ऑकलंडला. तू हो म्हणालीस.
बाबाई म्हणजे काय हेही विसरली असशील. अळूची थोरली बहीण. माणसापेक्षा उंच, गोडं पाणी लागेपर्यंत खणलेल्या खड्ड्यात वाढते. माझी सगळ्यात मोठी अकरा वर्षांची आहे. पंधरा मार्चला गावाच्या नव्या सभाघराची पंगत. प्रत्येक घराने तिथे आपली बाबाई मांडायची. मी तीच मांडणार.
मी सांगते आणि लिहितोय योतेबा, तुझ्या बापाचा चुलतभाऊ. कौन्सिलात तीस वर्षं कारकून होता. अजूनही प्रत्येक ओळीनंतर विचारतो, वहिनी, हे नक्की ना?
नक्की.

११ जानेवारी
राजधानीहून, तारावाहून, बोटीने सरकारी बाई आली. दोन दिवस शिकवत होती, पृथ्वीला झेपेल असं कसं जगायचं. प्लॅस्टिक नको, डब्यातलं खाणं कमी, घरी विणलेलं वापरा. मी विचारलं, एवढं केलं तर समुद्र मागे सरेल का? ती म्हणाली, सगळ्या जगाने केलं तर वाढायचा थांबेल, आजी.
म्हणजे कुणीतरी सुरुवात करायला हवी. मी करते.
संकल्प. एक, नूडल्स बंद. दोन, चहात साखर नाही, माडाची नीरा. तीन, घरात प्लॅस्टिक नाही.
योतेबा म्हणाला, आणि अंगणात? मी म्हटलं, तिथे तर आधी.

१४ जानेवारी
नूडल्सला हात लावला नाही. डोकं दुखतंय, ते वाऱ्याने.

१५ जानेवारी
एक पाकीट खाल्लं. ते संकल्पाच्या आधी आणलेलं होतं. टाकून देणं पृथ्वीला जास्त वाईट, बाईनेच सांगितलंय.

२० जानेवारी
तुझ्या बापाने खड्ड्याभोवती बांध घातला होता, मरायच्या आदल्या वर्षी. तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून. अडतीस पोती, सगळी प्लॅस्टिकच्या विणीची, वर निळी अक्षरं. माझ्याच दारात प्लॅस्टिक आणि मी निघाले जगाला वळण लावायला. काढली. त्या जागी झावळ्यांच्या पाट्या विणल्या, त्यात तीच वाळू भरली. तेवढीच उंची. दिसायला देखण्या.
योतेबा म्हणाला, वहिनी, बेनियामिनादादाने ती पोती उगाच नव्हती रचली. मी म्हटलं, तुझ्या दादाला पाटी विणता येत नव्हती म्हणून रचली.
पोती शेजारच्या किनाईने मागितली. दिली. तिच्या खड्ड्याला लावणार म्हणे. काही बायकांना प्लॅस्टिकचा सोस सुटत नाही.

२९ जानेवारी, पौर्णिमा
भरती रस्त्यावर आली. डुकरं ओरडत होती. बांध टिकला. खालच्या पाट्या भिजून काळ्या पडल्या. झावळ्या भिजायच्याच.
योतेबाने चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. म्हणाला, वहिनी, विहिरीचं पाणी खारट झालंय. मी म्हटलं, जन्मभर शाई चाटलीस, तुला नीरेची चव काय कळणार.
साखर परत सुरू केली. औषध म्हणून.

८ फेब्रुवारी
तारावाची बाई परत आली, हातात काचेची नळी. आजी, खड्ड्यातलं पाणी तपासू द्या. नाही म्हटलं. बाबाईला खत म्हणून कुठली पानं घालायची, किती घालायची, हे घरचं गुपित. परक्याने खड्ड्यात डोकावायचं नसतं. मलासुद्धा तुझ्या बापाने लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं.
मग तिने विहिरीचं तपासलं. ती काही बोलायच्या आत मी तिच्या हातात शहाळं दिलं. तिने पाट्यांचं कौतुक केलं. मग हळूच विचारलं, इथे आधी काय होतं?
कचरा, मी म्हटलं.

१७ फेब्रुवारी
बाबाईची खालची पानं पिवळी पडली. म्हातारी पानं पिवळी होतात, मीही झालेच की. योतेबा म्हणतो, वरचीही. ते उन्हाने.
तुझा फोन आला. आई, बाबाई कशी आहे? म्हटलं, माझ्यासारखीच. यात काही खोटं नाही.

२८ फेब्रुवारी, पौर्णिमा, संध्याकाळ
पाच वाजता पाणी आलं. आवाज नव्हता. पहिली पाटी उसवली, मग तिच्या शेजारची. योतेबा आणि मी हातांनी वाळू लोटत होतो. आम्हाला घाई होती, समुद्राला नव्हती. खड्डा काठोकाठ भरला आणि मग पाणी तुझ्या बापाच्या थडग्याभोवती फिरून आलं, ओळखीच्या घरी आल्यासारखं.
पलीकडे किनाईचा बांध उभा. निळी अक्षरं कोरडी.
किनाई कमरेइतक्या पाण्यातून चालत आली, खांद्यावर दोन पोती. म्हणाली, घे गं, तुझीच आहेत. मी घेतली नाहीत. तिसरा संकल्प.
योतेबाने विचारलं, हे लिहू? लिही.

१ मार्च
खारं पाणी उपसलं. पावसाच्या टाकीतलं सगळं पाणी आत ओतलं. आता टाकी रिकामी. बाबाई उभी आहे.

९ मार्च
उभी आहे. वास येतो, तो मेलेल्या खेकड्यांचा.

१३ मार्च
काल योतेबा लिहायला आला नाही. हात दुखतो म्हणे, खोटं लिहून. त्यामुळे काल काही घडलं नाही.

१४ मार्च
बाबाई काढली. उपटायला जोर लागलाच नाही. हात आत मनगटापर्यंत गेला. अकरा वर्षं. बोटं जिभेला लावून पाहिली.
आज योतेबाने नक्की ना म्हणून विचारलं नाही.

१६ मार्च
काल पंगत झाली. सभाघरात माझ्या चटईवर मी नूडल्सची पाकिटं मांडली, नीट रांगेत. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. किनाईची बाबाई मांडीएवढी जाड. तिने ती मधोमध कापली, अर्धी माझ्या चटईवर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. म्हातारे म्हणाले, दोन्ही घरांची सारखीच दिसते.
सकाळी तुझा फोन. आई, पैज आठवते ना, तिकीट काढू का? मी म्हटलं, कुठली पैज?
थडगं घराच्या पश्चिमेला आहे, समुद्राच्या अंगाला. त्या बाजूला आता वाळू उरलेली नाही. पुढची मोठी भरती तीस तारखेला. बोट एप्रिलात.
फोनवर सांगितलं तेच इथे लिहून ठेवते: त्या बोटीने तांदूळ पाठव. कुठलाही चालेल, किडका असला तरी. मोठं पोतं नको, लहान लहान पाठव म्हणजे संख्या भरेल. प्लॅस्टिकच्या विणीचीच बघून घे. अडतीस. आणि शिवण उसवू नकोस.