तक्रारीचे कारण : आरशात मी दिसत नाही

४ फेब्रुवारी

इंटरनेटवर आरसा विकत घ्यायला निघालेल्या कोणालाही एक कोडे पडलेले असते. बहुतेक जण ते तसेच सोडून देतात. फोटोत आरसा अगदी समोरून दिसतो. चौकट काटकोनात, काच लख्ख. मग ज्याने तो फोटो काढला, तो माणूस काचेत का दिसत नाही?

आज ताईकडे राहायला आले आणि बॅग खाली ठेवण्याआधी हेच विचारले. भावोजी म्हणाले, आल्या प्राध्यापकीण बाई, आता आमचं काही खरं नाही. पण मग त्यांनीच हौसेने दाखवले. कॅमेरा समोर नव्हे, बाजूला ठेवायचा. तिरक्या नजरेला आरसा पलीकडची भिंत दाखवतो, कॅमेऱ्याला दाखवत नाही. नंतर तो तिरकेपणा संगणकावर ओढून सरळ करायचा. ही लबाडी ओळखण्याची खूणही त्यांनी सांगितली : चौकटीची आतली कड एका बाजूला जाड दिसते, दुसऱ्या बाजूला जवळजवळ लपते, आणि फोटो कितीही सरळ केला तरी हा फरक जात नाही. परावर्तनाचा नियम मी इतकी वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवला. तो असा लाकडाच्या कडेत बसलेला पाहून मला लहान मुलासारखा आनंद झाला.

कॉलेजने माझा करार वाढवला नाही, हे कळताच ताईने फोनवर हुकूम सोडला होता : रडत बसू नकोस, ऊठ, इकडे ये आणि माझी गिऱ्हाइकं सांभाळ. बँकेतली नोकरी सोडून तिने हे दुकान उभे केले आहे. दुकान म्हणजे वरच्या मजल्यावरच्या या घराची पुढची खोली. हवेचे फुगे असलेल्या प्लास्टिकच्या गुंडाळ्या, पुठ्ठ्याचे कोपरे, पॉलिशचा वास आणि भिंतीकडे तोंड करून उभे केलेले आरसे, शिक्षा झालेल्या वर्गासारखे. भावोजी मागच्या खोलीत चौकटी बनवतात, ताई काच बसवते. विक्री एका मोठ्या कंपनीच्या ॲपवरून होते. ताईने एकच गोष्ट बजावली : गिऱ्हाइकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी फार घसरली, की कंपनी दुकान बंद करते. मग आम्ही दोघांनी खायचं काय, ते तूच सांग.

मी म्हटले, काळजी करू नकोस. चिडलेला विद्यार्थी आणि चिडलेला ग्राहक यांत मूलतः फरक नसतो.

६ फेब्रुवारी

येथील कामाची एक पद्धत मला फार आवडली. ती नीट लिहून ठेवते. प्रत्येक आरसा गुंडाळण्यापूर्वी त्याचा व्हिडिओ काढतात. ताई आरशासमोर उभी राहते, काचेत स्वतःकडे पाहते आणि मोठ्याने म्हणते, काच शाबूत. मग त्याच व्हिडिओत, मध्ये न थांबता, आरसा खोक्यात जातो आणि चिकटपट्टी लागते. काच फुटकी आली असे कोणी खोटेच म्हटले, तर हा पुरावा कंपनीला पाठवता येतो. म्हणजे येथून जाणाऱ्या प्रत्येक आरशात शेवटचा चेहरा ताईचा असतो. पार्सलवाला खोकी उचलताना म्हणाला, मॅडम, तुमचं तोंड गावोगाव पोचवून माझी कंबर गेली.

आजपासून हे काम आम्ही वाटून घेतले. चष्मा सावरून म्हटलेले माझे पहिले 'काच शाबूत' इतके गंभीर झाले, की ताई हसून हसून खुर्चीत बसली.

ग्राहकांसाठी मी उत्तराचा एक साचाही तयार केला. आधी आभार, मग त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत, मग उपाय, आणि अखेरीस : आपले समाधान होईपर्यंत मी आपल्यासोबत आहे, आपले केव्हाही स्वागत आहे. भावोजींच्या मते हे लग्नपत्रिकेसारखे वाटते.

९ फेब्रुवारी

आज एक मजेदार तक्रार आली. एक तारा, आणि कारण : आरशात मी दिसत नाही.

भावोजी म्हणाले, सुटला बिचारा, आम्हाला रोज बघावं लागतं. त्यांनी लगेच बारसेही उरकले : एकतारे साहेब.

मी मात्र पद्धतशीर विचार केला. काचेवर संरक्षक पातळ कागद असतो. काही लोक तो काढतच नाहीत. तो कसा सोलावा, मऊ कापड कोणते घ्यावे, उजेड कोठून यावा, हे मी टप्प्याटप्प्याने लिहून पाठवले. लगेच उत्तर आले : कागद काढलाय. मला अक्कल शिकवू नकोस. भिंत दिसते, खुर्ची दिसते, तुमची ती बाई दिसते. मी दिसत नाही.

दुकानाच्या पानावर ताईचा फोटो आहे. त्यावरून हा टोमणा असावा. बदली आरसा पाठवायचे ठरले. तो मी स्वतः पॅक केला.

१२ फेब्रुवारी

पुन्हा एक तारा. या वेळी भाषा सोडली आहे. आमच्या आईला त्याने ज्या विशेषणांनी गौरवले, ती या वहीत उतरवणार नाही. अधूनमधून अर्थ लागतो तो असा : तुम्ही लोक लुटारू आहात, मला मुद्दाम वगळलंय, मी तुमचं दुकान धुळीला मिळवीन.

मी त्याचे आभार मानले, अडचण त्याच्याच शब्दांत (सभ्य शब्द निवडून) मांडली आणि फोटो मागितला.

फोटो आला. आरसा एका रिकाम्या खोलीत टेकवून ठेवला आहे. काचेत समोरची भिंत आणि एक खुर्ची. माणूस नाही. अर्थात, मी ताईला समजावले, बाजूने काढला की असेच दिसते. चौकटीची कड पाहा, म्हणजे लबाडी कळेल. मी पट्टी घेऊन बसले. दोन्ही बाजूंच्या कडा सारख्याच जाडीच्या भरल्या.

म्हणजे कॅमेरा नेमका समोर होता. मग तो काचेत दिसायला हवा. निदान फोन तरी. निदान फोन धरणारा हात.

भावोजी म्हणाले, आजकाल फोटोतून माणूस पुसणं म्हणजे डाव्या हातचा मळ. असेल. पण एवढी मेहनत, एका आरशासाठी?

१३ फेब्रुवारी

दिवसभर कंपनीच्या मदतकेंद्राशी झगडले. प्रथम यंत्र बोलते : आपला संताप आम्ही समजू शकतो. यंत्राला माझा संताप समजतो. माणसाला समजत नाही. अखेर एक मुलगी फोनवर आली. मी तिला परावर्तनाचा नियम समजावला. तिने मध्येच विचारले, मॅडम, फोटोत ग्राहक दिसतोय का? मी म्हटले, नाही. मग ती म्हणाली, तेच तर ते म्हणताहेत ना; मग तक्रार खरीच झाली की.

तर्कदृष्ट्या तिचे म्हणणे मला खोडता येईना. दोष सिद्ध झाल्याचा शेरा दुकानावर लागला. मग ब्लॉक तरी करू द्या, असे मी म्हटले. तक्रार चालू असेपर्यंत विक्रेत्याला ग्राहकाला ब्लॉक करता येत नाही, असा नियम आहे. आणि समाधान झाल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. मी तिला विचारले, हे वर्तुळ आहे, लक्षात येतंय का तुमच्या? ती म्हणाली, आणखी काही मदत करू शकते का?

संध्याकाळी ताईने ॲप उघडले आणि फोन माझ्याकडे सरकवला. सरासरी घसरली होती. आणखी थोडी, की संपले.

१५ फेब्रुवारी

त्याच्या संदेशांची गणती मी सोडून दिली आहे. मुख्य मजकूर एवढाच : आधी ती बाई असायची आरशात. नव्यात चष्मेवाली आहे. काच शाबूत म्हणते. माझी जागा अडवून उभी आहे. तिला सांग बाजूला व्हायला.

मी शांतपणे शक्यता मांडल्या. माझा फोटो दुकानाच्या पानावर नाही. पॅकिंगचा व्हिडिओ फक्त कंपनीकडे गेला. कंपनी तो ग्राहकाला दाखवत नाही. मी खात्री करून घेतली. संदेशांत मी माझे नाव कधी लिहिले नाही, चष्मा तर नाहीच.

पुढची शक्यता मला मांडता आली नाही.

ताईने फोन हिसकावून घेतला आणि त्याला चांगले सुनावले : दादा, अरे आरसा आहे तो, टीव्ही नाही. नको असेल तर परत पाठव, पैसे घे आणि आमचा पिच्छा सोड. त्याचे उत्तर एका ओळीचे होते. पाठवत नाही, घेऊन येतो. खोक्यावर तुमचा पत्ता छापलाय, आणि केव्हाही स्वागत आहे असं चष्मेवालीनेच लिहिलंय.

१६ फेब्रुवारी

पोलीस चौकीत गेलो. धमक्या वाचून दाखवल्या. साहेबांनी विचारले, नाव? ॲपवर आहे ते टोपणनाव. फोन? बंद लागतो. पत्ता? पार्सल गेले तो पत्ता त्यांनी शोधून पाहिला. तेथे मोकळा प्लॉट आहे. मग त्यांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ निरखला आणि म्हणाले, बाई, यात तर कोणीच नाही. तक्रार काय भिंतीविरुद्ध लिहू?

बाकीचे हसले. मला रडू आले. भीतीने नव्हे, चिडून. आयुष्यभर मी लोकांना समजावत आले. एवढी सोपी गोष्ट कोणाला समजावता येऊ नये?

आणखी फोटो आले आहेत. तोच आरसा, निरनिराळ्या ठिकाणी टेकवलेला. प्रत्येक वेळी कडा सारख्या. एकात बसथांबा. एकात औषधांच्या दुकानाची पाटी, उलटी. मी ती सुलटी वाचली. ते दुकान आमच्या वळणावर आहे.

१७ फेब्रुवारी

भावोजींनी दाराबाहेर कॅमेरा बसवला. दुपारी जेवायला बसलो असताना बेल वाजली. कॅमेऱ्यात जिना, कठडा, समोरचे बंद दार. भावोजींनी काठी घेऊन दार उघडले. कोणी नाही. बेल पुन्हा वाजली — दार उघडे असताना. तिच्या बटणाकडे आम्ही तिघेही बघत होतो. बटण आपोआप आत दाबले गेले आणि पुन्हा बाहेर आले.

भावोजींनी दार लावले. त्यानंतर त्यांनी एकही विनोद केलेला नाही.

१८ फेब्रुवारी

ऑर्डर थांबवता येत नाहीत. थांबवल्या तर दंड म्हणून तारे कापतात. म्हणून सकाळी मी एक आरसा पॅक केला. समोर उभी राहिले, चष्मा नीट केला, काच शाबूत म्हटले. ताई व्हिडिओ काढत होती. तिचा हात खाली आला. ती म्हणाली, अगं, तू नीट उभी राहा ना समोर.

मी समोरच उभी होते.

व्हिडिओत माझी पाठ आहे. माझा आवाज आहे. काचेत मागची भिंत आहे, गुंडाळ्या आहेत, फोन धरलेली ताई आहे. मी — दुसरा आरसा काढला. तिसरा. ताई म्हणाली, पुरे, पुरे गं. तिने सगळे आरसे पुन्हा भिंतीकडे फिरवले.

त्याचा संदेश आला. पहिल्यांदाच शिवी नाही. आता थोडी बाजूला झालीस. अजून थोडी राहिलीयस. येतो, पूर्ण सरकवतो.

मी उत्तर लिहिले नाही. साच्यात याला उत्तर नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळ

दुकान बंद. कंपनीचा संदेश : ग्राहकांच्या असमाधानामुळे. ताई आणि भावोजी कंपनीच्या कार्यालयात हातापाया पडायला गेले आहेत. मलाही चल म्हणत होते. पण बाहेर — प्रत्येक दुकानाला काच आहे. प्रत्येक गाडीला. मला पाहायचे नाही.

परत आलेली पार्सले घ्यायला घरात कोणी हवे, असे मी सांगितले. ताईने जाताना माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाली, मला दिसतेयस तू. नीट दिसतेयस.

दुपार

बेल. दाराच्या भोकातून पाहिले. जिना, कठडा, ऊन. कोणी नाही. कॅमेऱ्यात — नाही.

बेल.

पाहून काही कळणार नाही; परवा उघड्या दारातही काही दिसले नाही. तो काचेत येत नाही. दाराच्या भोकाला काच आहे, कॅमेऱ्यालाही काच आहे. ही साधी गोष्ट मला इतक्या उशिरा सुचावी —

डोळे नकोत. कान. हे नीट लिहिते, ज्याच्या हाती ही वही येईल त्याच्यासाठी. पुढची चाचणी कोणालाही करता येईल.

लाकडी दार बंद करा. बोटाच्या पेराने हलकेच ठोका. पलीकडे नुसती हवा असेल, तर फळी मोकळेपणी कंप पावते, आवाज घुमतो. आता घरातल्या कोणाला पलीकडे अंग टेकवून उभे करा आणि पुन्हा ठोका. कंप दबतो. आवाज बद्द येतो. वर ठोका, खाली ठोका, कडेला ठोका. कोठे घुमतो आणि कोठे बद्द, यावरून पलीकडचे माणूस केवढे आहे, तेही काढता येते. तुम्ही करून पाहा. आत्ताच करून पाहा.

मी केले. वर, चौकटीजवळ — घुमला. खाली, उंबऱ्याशी — घुमला. कडेला घुमला. मध्ये, बरोबर माझ्या उंचीएवढे, माझ्या खांद्यांएवढे रुंद, बद्द —