त्रेसष्ट कड्या आणि नऊ दिवस

मी, भुजंग आसाराम तौर, वय अडुसष्ट, धंदा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणे, मूळ गाव शहागड, हल्ली राहणार जालना, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब किंवा धाक नाही. हे वाक्य लिहिताना माझी पत्नी सौ. कांताबाई समोरच बसली होती, म्हणून वकीलबाईंनी तिला बाहेर पाठवून मला पुन्हा एकदा विचारले. मी पुन्हा नाहीच म्हणालो. वकीलबाईंनी या कागदातून बऱ्याच ओळी काढायला सांगितल्या होत्या. मी एकही काढलेली नाही. मिळकत माझी आहे, तशी बडबडही माझीच आहे.

कलम १. राहते घर, तीन खोल्या व वरची गच्ची, माझ्या पश्चात कांताबाईचे. तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी सुमेधा हिचे. गच्चीवर वाळवण घालायला शेजारच्यांना येऊ द्यावे. मात्र आमच्याच पापडांना नावे ठेवणाऱ्या शेजारणीस येऊ देऊ नये. तिचे नाव कांताबाईला माहीत आहे.

कलम २. शहागडची दीड एकर जमीन माझा धाकटा भाऊ कसतो, ती त्याचीच राहावी. बांधावरच्या लिंबाबद्दल आमचे वीस वर्षे भांडण आहे. लिंब माझा होता. तोही त्याला दिला. तो माझा होता एवढे त्याने एकदा चार लोकांत म्हणावे.

कलम ३. औद्योगिक वसाहतीतील 'तौर-शेख ट्रॉली' या कारखान्यात माझी निम्मी भागीदारी आहे. निम्मी बदरोद्दीन शेख ऊर्फ बदरूभाई यांची. मी वेल्डिंग त्यांच्या हाताखाली शिकलो. पहिल्या दिवशी माझा जोड पाहून ते म्हणाले होते, "भुजंग, ये वेल्डिंग है के चिमणीचं घरटं?" हा अपमान मी छत्तीस वर्षे सांभाळून ठेवला आहे. माझी सगळी हत्यारे त्यांना द्यावीत. ट्रॉलीचा रंग निळा असावा असे माझे म्हणणे, लाल असावा असे त्यांचे. मी गेल्यावर त्यांनी खुशाल लाल लावावा, पण तेरावा होईपर्यंत थांबावे.

माझ्या निम्म्या हिश्शाची वाटणी कलम ६ मध्ये आहे. ती तशी का केली, हे कळण्यासाठी २०१७ साली काय झाले ते लिहिणे भाग आहे.

कलम ४. ट्रॉलीच्या दांड्याच्या टोकाला जाड लोखंडी कडी असते. ती ट्रॅक्टरच्या हुकात अडकते. पूर्ण ट्रॉली, तिच्यातला माल आणि माणसे, सगळा भार त्या एका कडीवर. आमच्या कड्या आम्ही ठोकून घडवत असू. त्या वर्षी मागणी फार होती, म्हणून कांताबाईचा भाऊ कल्याण, जो आमच्याकडे खरेदी-विक्री पाहतो, त्याने बाहेरून ओतीव कड्यांचा एक लॉट आणला. स्वस्त पडला. त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मीच मारली, हेही लिहून ठेवतो.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी बदरूभाईंनी त्यातली उरलेली एक कडी गंज झाडायला हातोड्याने ठोकली. चांगली कडी टण्ण वाजते. ही भद्द वाजली. त्यांनी आणखी दोन घाव घातले तर कडीचे दोन तुकडे झाले. आतून इडलीसारखी भोके. उरलेल्या सगळ्या ठोकून पाहिल्या. दर तिसरी भद्द. त्या लॉटच्या त्रेसष्ट ट्रॉल्या तोवर विकल्या गेल्या होत्या.

आम्ही तिघे कारखान्याच्या शेडमागे बसलो. कल्याण म्हणाला, "दाजी, आजपस्तोर एकबी तुटली न्हाई. आपुनच बोंब ठोकली तर उद्या गिऱ्हाईक इथं पाय ठेवणार न्हाई. अठरा घरं चालून राह्यलीत या शेडवर. ती बंद पाडून कोणतं पुण्य लागणार हाय?"

बदरूभाई म्हणाले, "गिऱ्हाइकाला म्हाईत न्हाई, बराबर. पण आपल्याला तर म्हाईत हाय ना? म्हाईत असून गप बसलो तं त्यो धंदा न्हाई, चोरी हाय."

"आन ती अठरा घरं?"

"त्यांची फिकर मलाबी हाय. पण त्यांच्या आडून लपायचं न्हाई."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बघू."

या 'बघू'चे नऊ दिवस झाले. दिवसा मी ट्रॉल्या रंगवत होतो आणि जेवताना चिडचिड करत होतो. कांताबाईने विचारले तेव्हा मी तिला कड्यांचे सांगितले आणि म्हणालो, "धंद्यात समदेच असं करतेत." ती भाकरी थापता थापता म्हणाली, "समदे आपापल्या घरी समदेच करतेत म्हणून बसले, तर मंग भाकरीत माती कोण न्हाई घालणार?" मी ताटावरून उठलो. भाकरी अर्धी राहिली होती, म्हणून परत बसलो.

सुमेधा कॉलेजात वाणिज्य शिकवते. तिच्याकडे एक विषय असतो, धंद्यातली नीती. मला वाटायचे, या विषयाचा तास पाच मिनिटांत संपत असेल. नवव्या दिवशी, गुरुवारी, मी तिच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. पोरांना वाटले तपासणीला साहेब आले आहेत. सगळी ताठ बसली.

तिने फळ्यावर तीन रकाने पाडले. काही विद्वान म्हणतात, परिणाम पाहा. ज्यात जास्तीत जास्त लोकांचे भले, ते बरोबर. काही म्हणतात, परिणाम राहू द्या, कर्तव्य पाहा. जो नियम सगळ्यांना लावता येत नाही तो स्वतःपुरता लावू नका. तिसरे म्हणतात, असे वागून तुम्ही कसले माणूस व्हाल ते पाहा. आणि खाली एक प्रश्न लिहिला: धंद्याची जबाबदारी फक्त मालकापुरती, की ज्याला ज्याला धंद्याचा धक्का लागतो त्या प्रत्येकापुरती?

मी मनात म्हणालो, पहिला रकाना कल्याण. दुसऱ्यात बदरूभाई आणि माझी बायको. तिसऱ्याकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. मी हात वर केला.

"समजा," मी म्हणालो, "एक ट्रॉलीवाला हाय."

सुमेधाने खडू खाली ठेवला. मी सगळे सांगितले, समजा समजा म्हणत. वर्गात जोरात वाद झाला. हात वर करून मोजले तर बहुतेक पोरे कल्याणच्या बाजूने निघाली. अठरा घरे ही फार मोठी गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. मला हायसे वाटले. तेवढ्यात अक्षता नावाची एक मुलगी उभी राहिली.

"काका, तुमच्या हिशोबात मालक हाय, मजूर हायेत, गिऱ्हाईक हाय. ट्रॉलीत बसून कापूस येचायला जाणाऱ्या बाया कोणत्या रकान्यात हायेत? त्यांनी तर ट्रॉली घेतली बी न्हाई. माझी माय रोज जाती."

ती खाली बसली.

तास संपल्यावर सुमेधाने मला स्कूटीवर मागे बसवले. रस्त्यात एवढेच विचारले, "अप्पा, समजा म्हंजे किती?"

"त्रेसष्ट."

तिने घराकडे गाडी वळवलीच नाही. सरळ शेडवर आणली.

कलम ५. दुसऱ्या दिवसापासून मी आणि बदरूभाई टेंपोत वेल्डिंगचे सगळे सामान घेऊन निघालो. चांगली गोष्ट करणे इतके अवघड असेल असे मला वाटले नव्हते. परतूरकडच्या एकाने कडी बदलू दिली नाही. म्हणाला, "फुकट कोण काय करतंय? चांगली काढून खराब बसवायला आलात." त्याला दोन्ही कड्या वाजवून दाखवल्या तेव्हा त्याने दोन्ही मागितल्या. एका गावात ट्रॉलीवर नवरदेवाची वरात निघाली होती. बदरूभाईंनी वरात थांबवून दांड्याखाली शिरून कडी कापली. नवरदेव तोवर वर बसून घामाघूम. एका पाटलाने ट्रॉलीची चाके काढून तिच्यात म्हशीचा चारा भरला होता. कल्याण म्हणाला, ही सोडा, ही कुठे चालली? बदरूभाई म्हणाले, "म्हैस बी गिऱ्हाईकच हाय." होय, कल्याणही आमच्यासोबत होता. तोंड वाकडे करून होता, पण पत्ते त्यालाच पाठ होते.

पाच आठवडे लागले. तो हंगाम आमचा गेला. एकही नवी ट्रॉली खपली नाही आणि तीन कारागीर सोडून गेले. कल्याणचा अंदाज त्या बाबतीत बरोबर होता, हे मी येथे मान्य करतो. त्याला तोंडी कधी सांगितले नाही.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही शहागडला पोहोचलो. तिथली ट्रॉली दोन तुकड्यांत अंगणात पडली होती. गोदावरीच्या पुलाआधीच्या उतारावर कडी तुटली, ट्रॉली सुटून शेतात उलटली. कापूस वेचायला निघालेल्या नऊ बाया आत होत्या. आठजणी खरचटण्यावर निभावल्या. नववीचा पाय दोन जागी मोडला. तिचे नाव साळूबाई किसन गाढे. ट्रॉलीमालकाने सगळ्यांना सांगितले होते की माल जास्त भरला म्हणून झाले. मला तेवढे ऐकून परतता आले असते. माझे पाय तसे वळलेही होते. बदरूभाई रस्त्यात आडवे उभे राहिले.

मी तिच्या घरी गेलो. ती खाटेवर होती, पाय प्लास्टरमध्ये. मी म्हणालो, ट्रॉली माझी, कडी खराब होती.

ती म्हणाली, "कडी खराब व्हती ते तं मी बी वळखलं. तुमाला कवा म्हाईत झालं, ते सांगा."

"मंगळवारी."

"कोणत्या?"

मी सांगितले. तिने बोटे मोजली.

"मी शुक्रवारी पडले. मंग तीन दिस तुमी काय करून राह्यला व्हता?"

"इचार."

"आन त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतरबी इचारच."

ती हसली. रडली असती तर मला सोपे गेले असते. तीन दिवसांत मी शहागडला पोहोचलोच असतो की नाही, हे आजही मला सांगता येत नाही. पण मी निघालो नव्हतो, हे नक्की सांगता येते.

दवाखान्याचा सगळा खर्च आम्ही केला. तिला ते पुरे वाटले नाही. म्हणाली, "आता ह्या पायानं कापूस येचणं व्हत न्हाई. मला तुमच्या शेडात काम द्या. हर एक कडी मी ठोकून बघणार. जी भद्द वाजली ती भाईर जाणार न्हाई, मंग तुमी कोणीबी असा."

तेव्हापासून आठ वर्षे ती हेच काम करते. लंगडत येते, हातोडा मारते, कान लावते. तिने माझ्या स्वतःच्या हातच्या अकरा कड्या फेकून दिल्या आहेत. त्यातल्या दोन चांगल्या होत्या, असे माझे मत आहे. तिला ते मान्य नाही.

कलम ६. माझ्या निम्म्या हिश्शाचे तीन चतुर्थांश सुमेधाला. अट एकच: दरवर्षी आपला वर्ग शेडवर आणावा आणि ही हकीकत 'समजा' न म्हणता सांगावी, बापाच्या नावासकट.

कल्याणने आपले काम आहे तसे चालू ठेवावे. मात्र त्याने सुमेधाच्या विषयाची परीक्षा एकदा द्यावी. पस्तीस मार्क पुरेत. प्रश्न तिने काढावेत, पर्यवेक्षण साळूबाईने करावे. पहिला रकाना त्याला चांगला येतो. बाकीचे दोन वाचून यावे. माझी मोटारसायकल त्यालाच द्यावी, ब्रेक दुरुस्त करूनच.

उरलेला एक चतुर्थांश मी साळूबाईच्या नावे लिहिला होता. तिलाच साक्षीदारही करणार होतो. वकीलबाईंनी हरकत घेतली. जिला द्यायचे तिचीच साक्ष घेतली तर उद्या कोणी भांडल्यास दोन्ही गोष्टी डळमळीत होतात. एकच काय ते ठरवा, असे त्या म्हणाल्या. माझ्याने ठरेना. मी तिलाच विचारले.

"हिस्सा म्हंजे किती?" तिने विचारले. मी सांगितले. आकडा ऐकून ती खुर्चीत बसली. तिने घरी विचारते म्हणून दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी आली.

"हिस्सा नगं," ती म्हणाली.

"अगं बाई, नीट इचार कर. लेकराबाळांचं बघ."

"इचार केला. हिस्सा घेतला की मी मालकीण झाले. आन मालकाला आपली कडी हमेशा टण्णच ऐकू येती. तुमाला बी न्हाई का आली?"

बदरूभाई पाठमोरे होऊन खोकू लागले.

म्हणून तो चतुर्थांश हिस्सा कारखान्यात आता पुन्हा अठरा झालेल्या कारागिरांना, साळूबाई सोडून, सारखा वाटून द्यावा. साळूबाईचा पगार आणि कोणतीही ट्रॉली अडवण्याचा तिचा अधिकार भागीदारीच्या कागदात आम्ही दोघांनी स्वतंत्र लिहिला आहे. तो तिला या मृत्युपत्राने मिळत नाही, त्यामुळे तिच्या साक्षीला बाध येत नाही.

कलम ७. या कागदाची अंमलबजावणी सुमेधाने करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. नुसते 'बघू' म्हणत आलो.

हा सगळा मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. कायद्याने तेवढी गरज नव्हती, पण साळूबाई ऐकल्याशिवाय सही करायला तयार नव्हती. कलम ५ तिने दोनदा वाचायला लावले, मग "बराबर हाय" म्हणाली. त्यानंतर मी दोघांच्या देखत सही केली.

ठिकाण: जालना
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: भुजंग आसाराम तौर (सही)

साक्षीदार:
१. डॉ. जीशान पटेल, जालना (सही). सही करणाऱ्यास तपासले, शुद्धीवर आहे.
२. साळूबाई किसन गाढे, मूळ शहागड, हल्ली जालना (सही). मी समोर होते. म्हाताऱ्यानं खरं लिहिलं हाय.