सहा तासांवरची लेक

दादास, धाकटीचा दमलेला नमस्कार.

काल सुखरूप पोचले. पाय सुजलेत, बाकी ठणठणीत. आज लगेच हॉटेलातल्या चादरींना इस्त्री करायला उभी राहिले.

आईने तिकिटावरच्या सुटायच्या आणि पोचायच्या वेळांची वजाबाकी करून आळीभर सांगितलंय, "लेक सहा तासांवर तर आहे!" इथलं घड्याळ दहा तास मागे चालतं, हे तिच्या गावीही नाही. मी सोळा तास अंग आखडून बसले होते.

तिला खरं सांगू नकोस. "सकाळी फोन केला तर रात्री जेवायला येशील ना?" असं तिने दारात विचारलं. मी हो म्हटलं.

तिचा दमा कसा आहे? वहिनीचा गुडघा?

एवढंच कर. आईचं काही बिघडणार असेल, तर मला आदल्या दिवशीच कळव.

तुझी,
धाकटी