डाव्या हाताचा उतार

३ तारीख, मंगळवार

वही घेऊन पाच आठवडे झाले. रोज म्हणतो, उद्या लिहू. आज मात्र ताईचा फोन आला. "बाबा महिनाअखेर काम सोडतायत. त्यांची सुरी तरी परत कर. तुझं नाव काढत नाहीत ते, सुरीचं काढतात."

तीन वर्षांपूर्वी भांडून निघालो, तेव्हा रागात उचलली होती. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं याच सुरीने चिरलंय त्यांनी. बोथट झालीय. धार लावूनच देणार!

५ तारीख

आमच्या हॉटेलातल्या मुख्य आचाऱ्याकडे — सगळे त्यांना वस्ताद म्हणतात — धार लावायच्या, हिऱ्याची पूड बसवलेल्या दोन डायमंड पट्ट्या आहेत. एक सलग, एक भोकाभोकांची. दोन्ही चारशे नंबर, म्हणजे खरखरीत. आधी हॉटेलच्या जुन्या सुऱ्यांवर करून बघितलं. सलग पट्टी पातं भराभर खाते. भोकांची हळू, चुरा भोकांत जातो म्हणून तुंबत नाही, पण सुरीचं टोक अडकतं. तेल नको, पाणी पुरे. मध्येच खिडकीत खार आली — अर्धा तास तिच्यातच गेला.

वस्ताद ओरडले, "अरे पैलवान, रेटतोस काय! हिरा आपणच कापतो. तू नुसता हात फिरव."

बाबांच्या साध्या दगडावर अंगाचा भार टाकावा लागायचा. तीच खोड.

८ तारीख

बाबांची सुरी सलग पट्टीवर घासली, मग वस्तादांनी काढून दिलेल्या हजार नंबरच्या बारीक पट्टीवर. कागद सर्रकन कापला!

९ तारीख

वस्तादांनी सुरी उजेडात धरली. म्हणाले, "पातं एकाच बाजूने झिजलंय. डावखुऱ्याची ना रे?"

हो. बाबा डावरेच.

"मग धारेचा उतारही एकाच बाजूला असणार. तू दोन्हीकडून सारखी करून ठेवलीस की!"

जेवण गेलं नाही. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताने बसवलेला उतार मी दोन तासांत पुसला. साध्या दगडावर आठवडा लागला असता, मध्येच कुठेतरी ध्यानात आलं असतं. पळवली तेव्हाही ती त्यांचीच होती. आता कोणाची?

११ तारीख

ताईला सांगितलं. "मी नाही हं बोलणार. तूच सांग," म्हणाली आणि फोन बाबांच्या कानाला लावला. सगळं सांगितलं. मग बाबांनी फोन बंद केला.

१२ तारीख

हळू चालणारी भोकांची पट्टीच वापरायला हवी होती.

१४ तारीख, सकाळ

वस्ताद मागच्या दारातून हाका मारतायत — "कोणी आलंय रे तुझ्याकडे!" डोकावलो. बाबा! डाव्या हातात, फडक्यात गुंडाळलेला त्यांचा दगड.